पिवळी शाई आधी संपते

निमगाव केतकी,
बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी

राजमान्य राजश्री सिद्धूराव, मुक्काम भोसरी, यांस खाजाचा सलाम आणि नमस्कार (दोन्ही ठेवून घे, सध्या आमच्याकडे छापील माल भरपूर आहे). इकडे आम्ही सगळे जसे होतो तसेच आहोत. फरिदाची कंबर दुखते, पण बोलण्यावर परिणाम नाही. रुक्सार बारामतीला कॉलेजात नीट शिकते आहे, असं ती म्हणते. माझा डावा गुडघा एसटीच्या पायरीपाशी कुरकुरतो, बाकी चालतो. तुझी, विजयमालावहिनींची आणि मनिषाची प्रकृती उत्तम असणार, कारण वहिनींच्या स्टेटसवर तुम्ही आठवड्यातून चारदा काहीतरी खात असता. तरी रीत म्हणून विचारतो, तब्येती कशा आहेत? तूही रीत म्हणून उत्तर दे.

पत्र हातात पडल्यावर तुला पहिला प्रश्न पडेल की या खाजाला फोन करायला काय झालं होतं. झालं काही नाही. माझ्या दुकानात हल्ली एक फोटो प्रिंटर आहे आणि त्याचा स्वभाव असा, की त्याला रोज काहीतरी छापायला दिलं नाही तर त्याची शाई तोंडातच वाळते. मग तो माणसांच्या चेहऱ्यावर रेघा मारतो. रेघा घालवायला 'हेड क्लीनिंग' नावाचं बटण असतं. ते दाबलं की तो स्वतःचं डोकं धुऊन घेतो, आणि पाण्याने नाही, माझ्या शाईने धुतो. म्हणून ज्या दिवशी गिऱ्हाईक नसतं त्या दिवशी मी आपला काहीबाही छापत बसतो. इंदापूरच्या एसटीचं वेळापत्रक छापलं, नमाजच्या वेळा छापल्या, फरिदाच्या बहिणीने फोनवर सांगितलेली बिर्याणी छापली (ती करून पाहिल्यावर कळलं की कागद वाया गेला). आज छापायला काही उरलं नव्हतं, म्हणून तुला पत्र. मनाला लावून घेऊ नकोस.

दुसरं निमित्त म्हणजे तुझा व्हॉइस मेसेज. मनिषाचे शाळेचे प्रोजेक्ट असतात, घरी एक फोटोचा प्रिंटर घ्यावा म्हणतोस, कुठला घेऊ, शाईचं कसं पडतं, तू एवढी वर्षं धंद्यात आहेस तर सांग. इतके महिने मूग गिळून बसल्यानंतर तुझ्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. त्यात आईची चौकशी नव्हती, भावाची नव्हती, शाईची होती. माझा राग नाही, ज्याला जे जवळचं ते तो आधी विचारतो. तू प्रिंटरचं विचारलंस, मी प्रिंटरचंच लिहिणार. ग्रामपंचायतीला तुझे थोरले बंधू शंभूदादा एका मताने पडले, तुझं नि वहिनींचं अशी दोन मतं अजून वस्तीच्या यादीत आहेत, कंपनीने सुट्टी दिली नाही असं तू मतदानाच्या दिवशी कळवलंस आणि त्याच संध्याकाळी वहिनींच्या स्टेटसवर तुम्ही तिघं मॉलच्या सरकत्या जिन्यावर हसत उभे होता, आणि तेव्हापासून दादा तुझं नाव काढत नाहीत व तू गावाकडे फिरकत नाहीस, यातलं एक अक्षरही या पत्रात येणार नाही. एवढं लिहायला शाई फार लागते.

तर प्रिंटर. तुला माहीतच आहे, आपल्याकडे आता फोटो काढतात सगळे आणि छापत कुणी नाही. फोटो फोनमध्ये राहतो, फोन विहिरीत पडतो, आणि मग माणूस माझ्याकडे येऊन विचारतो, तुमच्याकडे जुना असेल का हो. पूर्वी मी छापायचे फोटो घेऊन बारामतीला लॅबमध्ये जायचो, दिवस मोडायचा, आणि परत येईपर्यंत गिऱ्हाइकाचा उत्साह मावळलेला असायचा. दुकानातच मशीन असलं तर फोटो काढल्या काढल्या हातात देता येईल, असं माझ्या डोक्याने घेतलं. त्याच सुमारास फरिदाची भिशी लागली. तिला त्यातून घरगुती पिठाची गिरणी घ्यायची होती. तिला कसं वळवलं ते सांगत नाही (वळली नाही, फक्त गप्प बसली, आणि ते जास्त महाग पडतं). अजूनही ती प्रिंटरला 'तुमची गिरणी' म्हणते. आज गिरणीत काय दळलं, असं संध्याकाळी विचारते.

बारामतीच्या दुकानात युवराज नावाचा एक विक्रेता आहे. शर्टाला कडक इस्त्री, आणि कुठल्याही प्रश्नाला 'सर, तो तर प्रश्नच नाही' असं उत्तर. मागच्या खेपेला तो मिक्सर विकत होता, या खेपेला प्रिंटरच्या बाजूला उभा होता, आणि दोन्हीकडे त्याचा आत्मविश्वास सारखाच होता. त्याने तीन मशीनं दाखवली. पहिलं इतकं स्वस्त की मला संशय आला, आणि संशय खरा निघाला. मशीन जवळजवळ फुकट आणि शाई अत्तराच्या भावात. त्यातही तीन रंग एकाच डबीत बसवलेले. एक रंग संपला की बाकीचे दोन भरलेले असले तरी डबी फेकायची. म्हणजे घरात मीठ संपलं म्हणून तेल नि तांदूळही उकिरड्यावर टाकायचे. तिसरं मशीन सहा बाटल्यांचं, त्यात चेहऱ्यासाठी म्हणून फिकट गुलाबी आणि फिकट निळी वेगळी. चेहरे सुंदर येतात, पण आपल्या भागात फोटो काढताना कुणाचा चेहरा दिसतो? फेटा दिसतो, मुंडावळ्या दिसतात, मागचा ट्रॅक्टर दिसतो. म्हणून मी मधलं घेतलं. चार टाक्या, चार बाटल्या, काळी, निळी, गुलाबी, पिवळी, जी संपेल ती भरायची.

आता शाईच्या हिशेबाचं ऐक, कारण फसायची खरी जागा इथे आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की एवढ्या शाईत इतकी हजार पानं निघतात. आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी असते आणि चांदणीचा खुलासा खोक्याच्या बुडाशी, मुंगीलाही वाकून वाचावं लागेल एवढ्या अक्षरांत. तो मी चष्म्यावर भिंग धरून वाचला. पानाचा पाच टक्के भाग रंगवला तर, असं तिथे आहे. पाच टक्के म्हणजे पानाच्या कोपऱ्यात कुणीतरी बोट पुसलं तर जेवढं होईल तेवढं. आपल्याकडे नवरदेवाच्या नुसत्या उपरण्याला त्याहून जास्त शाई लागते. मी युवराजला हे विचारलं तर तो म्हणाला, सर, फोटोला पानं कमी निघतात, तो तर प्रश्नच नाही, पण चारही रंग सारखे चालतात, त्यामुळे सरासरी बसते. मी त्या सरासरीवर पाकिटाच्या मागे आकडेमोड केली, एका फोटोला शाई किती, चकचकीत कागद किती, वीज किती, आणि खाली उरलेला नफा बघून स्वतःवरच खूश झालो. फरिदा म्हणाली, यात तुमचं डोकं धुणं धरलं का? (तिला मशीनचं म्हणायचं होतं.) ते धरलं नव्हतं. शिवाय घरी आल्यावर कळलं की पहिल्यांदा शाई भरली की आतल्या नळ्या भरेपर्यंत मशीन बाटल्यांतली बरीच शाई अशीच पिऊन टाकतं. एक फोटो निघायच्या आत माझा नफा नळीत गेला होता.

आता तुझ्या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो, आणि त्यासाठी मला तुमच्या घरच्या जागरणाचं सांगावं लागेल. माझा इलाज नाही, माझी शाई तिथेच संपली. दादांना निवडून आण, मग जागरण घालीन, असं बानूमावशींनी खंडोबाला बोललेलं होतं (बानूमावशी म्हणजे तुझ्या मातोश्री, लांब राहणाऱ्यांना आठवण करून द्यावी लागते). दादा पडले. सगळ्यांना वाटलं, नवस आपोआप रद्द झाला. पण मावशींचं म्हणणं असं पडलं की देवाने एवढ्या सगळ्यांची मतं मिळवून दिली, एक कमी पडलं म्हणून काय त्याला उपाशी ठेवायचं, आणि ते एक मत कमी पडलं त्यात देवाचा काय दोष. शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी पुण्याच्या दिशेला पाहिलं असं मी म्हणणार नाही. तुला आवतण होतं, तुझी शिफ्ट होती, ते सगळं ठीक. फोटो काढायला मी होतो.

भंडारा किती उधळला म्हणून सांगू. फळलेल्या नवसापेक्षा न फळलेल्या नवसाला जास्त हळद लागते हे मला तिथे कळलं. तळी पिवळी, वाघ्या पिवळा, मुरळी पिवळी, हलगीवाले पिवळे, दारातली म्हैस निम्मी पिवळी. निकाल लागल्यापासून शंभूदादा चौकात आलेले नव्हते. डेअरीला दूध घालायलाही गड्याला पाठवायचे, दाढी वाढलेली, चहा घरात, जेवण नुसतं नावाला. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून भावकीतल्या पोरांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतलं आणि वरून भंडाऱ्याची परातच उपडी केली. खांद्यावरसुद्धा ते डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखे बसले होते. मी भराभर फोटो काढले. अल्बमची ऑर्डर मोठी होती, आणि पाकिटामागच्या हिशेबाप्रमाणे त्यात मशीनची निम्मी किंमत सुटणार होती.

अल्बम निम्मा छापून झाला आणि पिवळ्या टाकीचा तळ दिसायला लागला. बाकीच्या तीन टाक्या भरलेल्या, नव्या नवरीसारख्या बसून होत्या. चारही रंग सारखे चालतात म्हणे. चालत असतील, ज्या देशात तो हिशेब मांडला तिथे कुणी भंडारा उधळत नसेल. पण मला काय झालं होतं? लग्न व्हायच्या आधीपासून मी या भागातली जागरणं काढतोय, माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेतून अजून हळद निघते (ती भाजीत घालीन अशी धमकी फरिदा देते), आणि मलाच हे सुचू नये. युवराजला फोन लावला. तो म्हणाला, सर, तुमच्या भागात पिवळीच आधी उठते, सुटी पिवळी शिल्लक नाही, चार बाटल्यांचा सेट न्या. म्हणजे विकताना त्याला हे माहीत होतं, फक्त मी विचारलं नव्हतं. एका रंगासाठी चार बाटल्या घ्यायच्या, तर मग त्या फेकायच्या डबीवाल्या मशीनने काय घोडं मारलं होतं? मी हट्टाला पेटलो आणि सेट घेतला नाही.

आता मी काय केलं ते सांगतो, तू करू नकोस. हे मशीन टाकीत डोकावून बघत नाही. किती छापलं त्यावरून अंदाज बांधतं आणि शाई संपत आली असेल असं वाटलं की पडद्यावर विचारतं, टाकी भरली का? आपण 'होय' दाबलं की ते विश्वास ठेवतं. मी 'होय' दाबलं. फरिदा दारातून बघत होती, ती म्हणाली, मशीनशी पण खोटं? मी म्हटलं, तळाशी आहे अजून, निघेल. शुक्रवार होता. राहिलेले सगळे फोटो मी मशीनला लावून दिले, दुकानाची फळी अर्धी ओढली आणि जुम्म्याच्या नमाजला गेलो. तिथेही मनात पिवळं सोडून दुसरं काही येईना, अल्ला माफ करो.

परत आलो तर ट्रे भरून फोटो पडले होते, आणि कुठल्याच फोटोत भंडारा नव्हता. तू इंजिनाच्या कंपनीत आहेस, तुला समजेल. हळदीच्या रंगात पिवळी शाई खूप आणि गुलाबी थोडीशी असते. पिवळीच्या नळीत हवा शिरली, पिवळीने रजा घेतली, आणि मागे एकटी गुलाबी उरली. सगळं जागरण गुलालात न्हालं होतं. तळी गुलाबी, वाघ्या गुलाबी, म्हैस गुलाबी. आणि मधोमध पोरांच्या खांद्यावर शंभूदादा, नखशिखांत गुलालात, मागे हलगी, पुढे हात वर केलेली तरुण मंडळी, बाजूला दादांच्या घरच्या वैनी ओवाळायचं ताट घेऊन. गुलालाने माखलेला माणूस आपल्याकडे पोरांच्या खांद्यावर कधी असतो, हे तुला सांगायला नको. (हे निवडणुकीचं नाही, रंगाचं चाललं आहे.) एका मताने पडलेल्या माणसाची अशी थट्टा त्याच्या वैऱ्यानेही केली नसती, आणि मी तर ती चकचकीत कागदावर केली होती.

सगळे फोटो गोळा करून मी गादीखाली घालणार, तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. निकालानंतर दादा पहिल्यांदाच चौकात आले होते, आणि नेमके माझ्याकडे. अल्बम न्यायला. म्हटलं, अजून वाळायचाय. ते म्हणाले, बघू तरी. आणि वरचाच फोटो त्यांनी उचलला, खांद्यावरचा. मी बोलायला लागलो. नळी, हवा, सरासरी, पाच टक्के, युवराज, सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी न बघताच हात वर करून मला गप्प केलं. फोटो उजेडाकडे धरला. मी खाली त्यांच्या चपलांकडे बघत होतो.

"असंच दिसलं असतं, न्हाय का रं खाजा?" ते म्हणाले.

मी व्हय म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? सिद्धू, तुझ्यासारखं आपणही लांब कुठेतरी राहायला असतो तर बरं झालं असतं, असं मला त्या वेळी पहिल्यांदा वाटलं. मला फार वाईट वाटलं. पण मग बघतो तर ते मिशीत हसत होते. हाच मोठा करून दे, म्हणाले, आणि रंग मोडू नकोस. मी म्हटलं, दादा, खरा रंग पिवळा आहे. ते म्हणाले, खरा रंग मला माहीत हाय, मी हुतो की तितं. आणि शेजारच्या सलूनमध्ये जाऊन दाढी करून घरी गेले.

इथवर असतं तर प्रिंटरच्या बाबतीत माझं काही म्हणणं नव्हतं. पण दादांनी फोटोचा फोटो काढून स्टेटसला ठेवला. संध्याकाळपर्यंत भवानीनगरपासून वालचंदनगरपर्यंतच्या पाहुण्यांचे अभिनंदनाचे फोन. फेरमोजणी झाली का, असंही काहींनी विचारलं. दादा कुणाला हो म्हणाले नाहीत आणि कुणाला नाहीही म्हणाले नाहीत, नुसते 'चाललंय' म्हणाले. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात द्वारकाबाई. त्या म्हणजे त्या एका मताने खरोखर निवडून आलेल्या. त्यांनी पदर खोचला आणि मला एकच विचारलं, "निवडून मी आले, आन गुलाल त्येच्या अंगावर?" प्रश्न रास्त होता. त्यांच्या मिरवणुकीत गुलाल खरा होता, पण भर उन्हात घामाने त्याचा चिखल झाला होता आणि मोबाइलच्या फोटोत त्या विटांच्या भट्टीवरून आल्यासारख्या दिसत होत्या. मी कॉम्प्युटरवर त्यांचा गुलाल उजळून दिला. दादांच्या गुलालापेक्षा एक घर जास्तच गडद केला, कारण सदस्य आहेत, उद्या दुकानासमोरच्या गटाराचं काम त्यांच्याकडेच आहे. मग त्यांच्या पॅनेलच्या बाकीच्यांनाही तसेच हवे झाले. मग पडलेल्या पॅनेलमधल्या एकाने हळूच येऊन विचारलं की जागरण न घालता असा फोटो निघतो का. आता बघ, पिवळीचं दुकान मांडून बसलो होतो आणि संपायला लागली गुलाबी. म्हणून म्हणतो, एका पानाला शाई किती हे जगात कुणालाच सांगता येणार नाही.

शेवटी बानूमावशी आल्या. पदराखाली झाकून तो मोठा फोटो आणला होता. काउंटरवर ठेवला आणि देवाच्या अंगावरचं पिवळं कुठे गेलं म्हणून विचारलं. त्यांना मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, डोकं धुण्यासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, देवाची वस्तू देवाला माघारी दे. या वाक्यापुढे कसला हट्ट आणि कसला सेट. त्याच दिवशी बारामतीला गेलो, चार बाटल्या उचलल्या (युवराज म्हणाला, सर, मी तेव्हाच म्हटलं होतं), नळीतली हवा काढायला मशीनचं डोकं पुन्हा पुन्हा धुतलं आणि बिघडलेला निम्मा अल्बम नव्याने पिवळा छापला. पाकिटामागचा हिशेब मी त्या दिवशी चुलीत घातला. मावशींनी पिवळा फोटो कपाळाला लावला. मी म्हटलं, तो गुलाबी इकडे द्या, फाडून टाकतो, माझ्याही डोक्याचा ताप जाईल. त्यांनी तो पुन्हा पदराखाली घेतला.

"ऱ्हाऊ दे त्यो," त्या म्हणाल्या. "त्या दिसापासनं जेवाय लागलाय."

तेव्हा सध्या तुमच्या घरात एकच फोटो दोन ठिकाणी लागला आहे. देवघरात पिवळा, बाहेरच्या खोलीत गुलाबी. येणारा पाहुणा ज्याला जो पटेल त्याखाली बसतो. फरिदा म्हणते, मतदानाच्या मशीनपेक्षा तुमची गिरणी मनाने मोठी. माझ्या मशीनबद्दल तिने काढलेला हा पहिला चांगला शब्द.

तात्पर्य एवढंच की टाकीवालं घे, डबीवालं घेऊ नकोस, कागदाची चकचकीत बाजू वर ठेव (उलट ठेवलीस तर शाई पुसून येते आणि नवरदेव नवरीच्या अंगावर ओघळतो), आणि घ्यायच्या आधी तुमच्याकडे कुठला रंग जास्त लागतो ते बघ. भोसरीचं मला ठाऊक नाही, करडा असावा. विजयमालावहिनींना आदाब, मनिषाला अभ्यासात यश, आणि घरातल्या थोरांना नमस्कार. तिथे थोर तूच आहेस, तेव्हा आरशात बघून घे.

तुझा,
रुक्सार फोटो स्टुडिओचा मालक आणि युवराजचं कायमचं गिऱ्हाईक,
खाजा

ता. क. वर टाकीवालं घे असं लिहिलं आहे ते खोडून वाच. काहीच घेऊ नकोस. मनिषाचे प्रोजेक्ट मला व्हॉट्सॲपवर पाठव, मी छापून एसटीने पार्सल करीन. माझ्या मशीनला रोजचा व्यायाम होईल आणि माझी शाई तोंडात वाळणार नाही.

दुसरा ता. क. फरिदाने पत्र वाचलं. एवढी पानं नासून ज्यासाठी बसला होतात ते कुठे आहे, असं विचारते. भावजींना स्पष्ट लिहा म्हणते. म्हणून पुढचं लिहितो.

तिसरा ता. क. काल बाजारातून शंभूदादा दुकानात आले. खिशातून तुझा लग्नातला फोटो काढला, फेटा बांधलेला, आणि काउंटरवर ठेवला. नाव घेतलं नाही. जागरणाच्या फोटोत ह्याला माझ्या शेजारी बसव म्हणाले, मी कॉम्प्युटरवर गेलेल्यांना आणि परगावी असलेल्यांना फोटोत बसवतो तसं. मी म्हटलं, बसवतो. जायला निघाले, पायरीपाशी थांबले, आणि रस्त्याकडे बघत म्हणाले,

"त्याच्याबी अंगावर टाक जरा गुलाल. कोरा दिसला तर लोकं वळखतील, मत न टाकलेला ह्योच."

सिद्धू, मी सकाळपासून खटपट करतो आहे. कॉम्प्युटरने टाकलेला गुलाल तुझ्या अंगावर घामोळं उठल्यासारखा दिसतो, आणि काढून टाकला तर एवढ्या रंगलेल्या माणसांत तू एकटा धुतलेला बसतोस. दादा म्हणतात ते खरं आहे, बघता क्षणी ओळखू येतं. हे काम मशीनचं नाही. येत्या रविवारी तिघंही या. माफी वगैरे मागायची तयारी करून येऊ नकोस, तुला जमणार नाही आणि त्यांना ऐकवणार नाही. मावशींकडे भंडारा आहे, आणि निकालाच्या दिवसासाठी दादांनी आणलेलं गुलालाचं पोतं माळ्यावर अजून शिवलेलंच आहे. ते फोडायला त्यांना कुणीतरी हवंय. दोन्ही उधळा, दोघं शेजारी उभे राहा, मी फोटो काढतो. पिवळी लागू दे नाहीतर गुलाबी, या फोटोला मी शाई मोजणार नाही.